दोराला लागलेला हात

आधी एक लाकडी फळी डोळ्यांपुढे आणा. पुरुषभर उंचीची, काळ्या रंगाची. तिच्यावर पांढऱ्या रंगात नावं आहेत, एकाखाली एक, वर्षाला एक. फळीसमोर स्टूल आहे, स्टुलावर एक माणूस उभा आहे आणि कुंचल्यानं तो या वर्षीचं नाव लिहितो आहे. आता समजा, तुम्ही सकाळी कॉलेजला निघाला आहात, छातीशी वह्या धरल्या आहेत, वाटेत हॉलचं दार उघडं दिसलं म्हणून सहज डोकावलात, आणि त्या कुंचल्याखालून बाहेर पडणारं नाव तुमचं आहे. आनंद होईल ना? बहुतेकांना होईल. प्रेमलताला मात्र जिन्याची पायरी चुकल्यासारखं झालं. का झालं, हे कळायला आपल्याला तिच्या मनात थोडा वेळ बसावं लागेल. घाई करू नका. मन म्हणजे काही पेटी नव्हे, झाकण उघडलं की तळ दिसायला.

सदुसष्ट सालचा फेब्रुवारी होता आणि गाव होतं मालवण. हॉल भगिनी मंडळाचा होता. किनाऱ्यावरच्या गावांतून कॉलेजला येणाऱ्या मुलींसाठी मंडळानं ठिकठिकाणी वसतिगृहं काढली होती. प्रत्येक वसतिगृहातल्या मुलींची एक शाखा, शाखेची एक प्रमुख, आणि सगळ्या शाखांतून वर्षाला एका प्रमुखाचा सत्कार. शाल, नारळ आणि फळीवर नाव. मालवणच्या शाखेचं नाव फळीवर कधीच लागलं नव्हतं. प्रेमलता एकोणीस वर्षांची होती, तोंडवलीच्या गाबिताची, म्हणजे मच्छीमाराची मुलगी, शाखेची प्रमुख, आणि सत्कार आज दुपारी चार वाजता होता. पत्र तर आठ दिवसांपूर्वीच आलं होतं. पण पत्र घडी घालून ट्रंकेत ठेवता येतं. फळी भिंतीवर राहते.

"इलंस गो?" महादू पेंटर वळून न बघताच म्हणाला. तो मसुऱ्याचा. त्याची लक्ष्मी वसतिगृहात होती, त्यामुळे प्रेमलताला तो ओळखत होता. "बघ, 'प्रे' कसो इलो? देवळाच्या पाटयेर पण असो येवक नाय."

"बरो इलो, काका."

"तुझा भाषण पण बरा होता हां तेव्हा. आमच्या खळ्यात उभी रवान बोललंस ता. माका त्यातला कायेक कळाक नाय, पण आवाज बरो."

ती हसली. "मगे लक्ष्मीक परत धाडलास कित्याक?"

"मी खंय धाडलंय? घरकारणीन धाडल्यान." महादूनं कुंचला डब्याच्या काठावर निथळला. "ती तुमची शिंप्याची चेडू नाय, जेसिंता? ती भितर आडाळ्यार बसान नारळ खवी होती. काय सांगल्यान ता देवाक म्हायत. जेवताना माका हुकूम झालो, फाल्यां चेडू मालवणाक जातली. बायलेच्या हुकमार अपील नाय." आणि तो पुन्हा 'म'च्या पोटात शिरला.

तेलाच्या रंगाचा वास तिच्या नाकात गेला आणि तिथेच राहिला. ती रस्त्यावर आली. उजव्या हाताच्या तळव्याला खाज सुटली होती. तिनं वह्या डाव्या हातात घेतल्या आणि तळवा साडीवर घासला. महादूनं नवीन काही सांगितलं नव्हतं. हेच तर वाईट होतं. अगदी अनोळखी गोष्ट ऐकली असती तर तिला आश्चर्य वाटलं असतं, जेसिंताचं कौतुक वाटलं असतं. तिला वाटलं ते एवढंच, की कुणीतरी तिच्या खोलीत शिरून दिवा लावला, आणि कोपऱ्यात जे आहे असं ठाऊक होतं तेच तिथं होतं. खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात उभं राहून ती स्त्रीशिक्षणाबद्दल बोलत होती, शुद्ध मराठीत, कचेरीत बोलतात तशी, आणि बोलताना तिचा एक कान घरात होता. आतून नारळ खवण्याचा आवाज येत होता, खर्र खर्र, मधेच तो थांबायचा, दोन बायका हसायच्या, मग पुन्हा सुरू व्हायचा. एकदा तो बराच वेळ थांबला. कोणीतरी नाक ओढलं. त्या वेळी प्रेमलता 'समाजाची प्रगती' या शब्दांवर होती, आणि तिला क्षणभर स्पष्ट कळलं होतं की या घराचा निकाल आता, आत लागतो आहे. मग महादू मान डोलवायला लागला आणि ते कळणं तिनं बाजूला सारलं.

गणपती होऊन गेल्यावर वसतिगृहात ताप आला होता. दोन मुली फार आजारी पडल्या, वाचल्या, पण गावोगाव बातमी पोचली ती त्या वाचल्याची नव्हे. आठवड्याभरात सहा बापूस येऊन सहा ट्रंका घेऊन गेले. उरल्या चौघी. आठांपेक्षा कमी मुली असतील तर वसतिगृह बंद करायचं, असा मंडळाचा नियम होता, आणि ते बंद झालं असतं तर प्रेमलतालाही तोंडवलीला परत जावं लागलं असतं, किनाऱ्यावर जाळं शिवत बसायला. चार रविवार ती आणि जेसिंता चालल्या, होडीत बसल्या, पुन्हा चालल्या. सहा घरं. पाच मुली परत आल्या. नाताळाच्या सुमारास मंडळाच्या चिटणीस आनंदीबाई तपासणीला आल्या, व्हरांड्यात खुर्ची टाकून बसल्या आणि नऊ मुलींना समोर उभं करून त्यांनी विचारलं, "पालकांशी कोण बोललं?" नऊ हातांपैकी आठ हात प्रेमलताकडे वळले. तिचे स्वतःचे हात पाठीमागे होते. एकात एक गुंतवलेले. ते तसेच राहिले. आनंदीबाईंनी लिहून घेतलं.

कॉलेजात ती पोचली का, कोणता तास झाला, हे तिला नंतर आठवलं नाही. बाकावर बसून ती तळव्याकडे बघत होती. तिथं काही नव्हतं. दहा वर्षांपूर्वी होतं. तेव्हा ती नऊ वर्षांची होती आणि तोंडवलीच्या किनाऱ्यावर रापण लागली होती. तुमच्यापैकी कोणी रापण पाहिली नसेल तर सांगतो. होडी मोठं जाळं घेऊन समुद्रात अर्धगोल फिरते, जाळ्याच्या दोन टोकांचे दोर किनाऱ्यावर येतात, आणि सगळा वाडा दोन रांगा करून ते दोर ओढतो. म्हातारे, बायका, पोरं, कोणीही. प्रेमा रांगेच्या शेवटी होती, दोन्ही मुठींत ओला दोर, पाय वाळूत रुतवून. पुढची माणसं एका सुरात हाका घालत होती आणि त्या सुराबरोबर तिचं सगळं अंग मागे जात होतं, जणू समुद्रच ती ओढून आणते आहे. मग दोराला चिकटून आलेला एक बुळबुळीत, काचेसारखा जेलीफिशचा गोळा तिच्या तळव्याखाली फुटला आणि हाताला आग लागली. तिनं दोर सोडला. कोणाला हाक मारली नाही, रडली नाही. पालथ्या घातलेल्या एका होडीमागं जाऊन बसली, तळवा वाळूत खुपसून, आणि पुढचा सगळा वेळ तिनं तो सूर ऐकला. तिच्याशिवाय तो जरासुद्धा बदलला नाही. ते तिला आगीपेक्षा जास्त लागलं.

मासळी वाळूवर आली, बांगडाच बांगडा, आणि वाटे घालायची वेळ झाली. तिचे आजोबा, नाना, रापणीचे तांडेल, म्हणजे म्होरके. ते ढिगांकडे पाठ करून, सुरूच्या झाडांकडे तोंड करून उभे राहत. दुसरा माणूस एकेका ढिगावर काठी टेकवून विचारी, "हो कोणाचो?" आणि नाना न बघता नाव घेत. कुठला ढीग मोठा, कुठला लहान, हे नाव घेणाऱ्याला दिसता कामा नये, म्हणून ही पाठ. प्रेमा तोवर होडीमागून बाहेर येऊन बायकांच्या घोळक्यात उभी राहिली होती. "हो कोणाचो?" "प्रेमाचो." कोणीतरी तिला पुढं ढकललं. तिनं फ्रॉकचा घोळ पुढे धरला आणि त्यात बांगडे पडले, थंड, जड, एकदोन अजून हलत होते. सगळ्यांचं तिच्याकडे लक्ष होतं आणि सगळे हसत होते. त्या संध्याकाळी आईनं बांगड्याचं तिखलं केलं आणि तिनं सांगितलं, पोटात दुखतंय. दुसऱ्या दिवशी सांगितलं, माका बांगडो बाधता. तेव्हापासून तो बाधतोच. वसतिगृहात मुली हसायच्या, "गाबताची चेडू नि बांगडो खायना नाय! फाल्यां सांगशीत, समुद्र बाधता." तीही हसायची, आणि ताटातला बांगडा जेसिंताच्या ताटात टाकायची. जेसिंता काही विचारत नसे. काटे बाजूला काढत सावकाश खायची.

दुपारी दोन वाजता ती वसतिगृहावर परतली. जेसिंता खाटेवर ट्रंक उघडी ठेवून कपडे भरत होती. शनिवारी ती जाणार होती, कायमची. तिचे वडील कॉन्स्टान्सियो गावातलं शिलाईचं दुकान बंद करून म्हापशाला भावाच्या दुकानात जाणार होते. गोवा आता आपलाच झाला होता, तिथं गिऱ्हाईक होतं. म्हापशाहून मालवण फार दूर नाही, पण परीक्षेच्या तोंडावर शिकणं सोडून गेलेली मुलगी परत येत नाही हे दोघींना माहीत होतं. जेसिंतानं एक स्कर्ट झटकला, घडी केली, घडी मनासारखी झाली नाही म्हणून मोडली.

"जेसिंता, माका सांगूचा आसा."

"सांग."

"ती घरां. ती मी नाय आणलंय परत. तू आणलंस."

जेसिंतानं स्कर्टाची शिवण बोटानं सरळ केली. "आता सांगान काय करतलंस? महादून रंग काढल्यान मां?"

"मी आज बाईंका सांगतंय."

"कित्याक? माका कोण वळाखता थंय? पुढच्या वर्सा मी हंय नाय." मग ती ट्रंकेकडे बघत बोलली. "बाईंनी इचारल्यानी तेव्हा मी तुझ्याकडे बोट केलंय. मनात म्हटलंय, मी हिच्याकडे दाखवतंय, ही माझ्याकडे दाखवतली. मगे सगळी हसतली. गम्मत जातली." ती हसायचा प्रयत्न करत होती. "तू हात मागेच ठेवलंस गो."

प्रेमलता खाटेच्या काठावर बसली. तोंडात ओल्या दोराची खारट चव आली. जेसिंतानं ट्रंकेचं झाकण लावलं. ते नीट बसेना, म्हणून तिनं त्यावर गुडघा टेकवला. प्रेमलता उठली आणि दुसऱ्या बाजूनं दाबायला लागली. कडी बसली. "झाला," जेसिंता म्हणाली, आणि तोंड धुवायला गेली.

नाना साडेतीनला आले. धुतलेलं धोतर, डोक्याला टोपी, हातात फडक्यात बांधलेला डबा. तोंडवलीहून ते खाडीपर्यंत चालत, मग होडीनं, मग पुन्हा चालत आले होते, आणि हॉलच्या पायरीवर बसून पायांची वाळू झाडत होते. नात त्यांच्याजवळ जाऊन बसली. आत बाकं सरकवण्याचे आवाज येत होते. पुढच्या अर्ध्या तासात काहीतरी करायला हवं होतं, आणि ते काय हे तिला कळत नव्हतं. ताप आला आहे असं सांगून खोलीत पडून राहावं? सत्कार नको असं सांगावं? मग फळीवरचं नाव पुसून काढतील, मालवणची जागा रिकामी राहील, आणि जेसिंताला त्यातून काय मिळेल? तिच्या तोंडून निघालं ते भलतंच.

"नाना, एकदा मी दोर सोडललंय. नऊ वर्सांची होतंय. होडयेमागे जावन बसलंय. आणि तुम्ही माका वाटो दिलास."

नानांनी दुसऱ्या पायाची वाळू झाडली. "म्हायत आसा."

"म्हायत आसा?"

"तांडेलाची नजर दोरार नाय तर खंय? दिसलंस पळताना. हात सुजललो तुझो. माका वाटला, सांगशीत. नाय सांगलंस."

"मगे माझा नाव कित्याक घेतलास?"

नानांना हा प्रश्नच विचित्र वाटला असावा. "हात लागललो मां दोराक? ज्याचो हात लागलो तेचो वाटो. आमचो गंगाराम म्हातारो दोर धरी तो पडूचो नाय म्हणान. ओढता खंय तो? पण तेका वाटो. कोणी कितको ओढल्यान ता मोजूक बसलंव, तर रापण समुद्रातच रवात." त्यांनी डब्याची गाठ चाचपली. "त्येका दहा वर्सां झाली गो. इतक्या दिवसांत ता रीण एका बांगड्यान फिटला नसता काय?"

तिला एकदम हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही आलं. दहा वर्षं होडीमागं बसलेली ती पोर सगळ्यांना फसवून आली आहे असं समजत होती, आणि तिला कोणी कधी चोर मानलंच नव्हतं. ती आपलाच वाटा चोरल्यासारखा लपवत होती.

"चुकी एकच," नाना म्हणाले. "हात लागललो माणूस वाट्याशिवाय घराक गेलो, तर ती तांडेलाची चुकी. थंय माफी नाय." मग त्यांनी दाराकडे मान केली. "तुमच्या रापणीक तांडेल कोण?"

आतून हाक आली.

हॉलमध्ये फळीवर पांढरं नाव ओलं चमकत होतं. आनंदीबाई चष्मा लावून बोलल्या, स्वच्छ, छान, थोडं लांब. धैर्य, चिकाटी, संघटनकौशल्य. प्रत्येक शब्द तिच्या अंगावर पडत होता आणि आज पहिल्यांदा जड वाटत नव्हता, कारण तो तिच्यापाशी थांबणार नव्हता. खांद्यावर शाल आली. हातात नारळ आला. टाळ्या झाल्या. वसतिगृहातल्या मुली तिसऱ्या बाकावर होत्या. जेसिंता टोकाला बसली होती, हात मांडीवर, चेहऱ्यावर शहाण्या मुलीचं हसू. आता दोन शब्द बोलायचे होते. प्रेमलतानं ते आठ दिवस पाठ केले होते. तिनं टेबलावर नारळ ठेवला, आणि सभेकडे पाठ करून फळीकडे तोंड करून उभी राहिली.

टाळ्या विस्कटत थांबल्या. कोणीतरी खुसखुसलं. तिच्या मानेवर सगळ्या हॉलची नजर बसली होती.

"प्रेमलता," आनंदीबाई हळूच म्हणाल्या, "बरं वाटत नाही का? पाठ कशाला फिरवलीस?"

ती हलली नाही. आणि मग शेवटच्या बाकावरून, लाटांवरून पलीकडच्या होडीला ऐकू जायला लागतो तसा एक म्हातारा आवाज उठला. "हो कोणाचो?"

"जेसिंताचो," ती म्हणाली.

हॉलमध्ये काही बायका एकदम हसल्या. ज्यांच्या घरात रापण होती त्या. बाकीच्या त्यांना कानात विचारू लागल्या.

"हो कोणाचो?"

"कृष्णाबाईचो. लक्ष्मीच्या आवशीचो. तिना होय म्हटल्यान." मग ती एकेक नाव घेत गेली, परत आलेल्या पाच मुली, त्यांच्या घरांतल्या उरलेल्या चार आया, तापात न पळता राहिलेल्या दोघी. प्रत्येक वेळी मागून तोच प्रश्न येत होता, आणि आता तो एकट्या नानांचा राहिला नव्हता. दोनतीन बाकं मिळून विचारत होती. नावं संपली. प्रश्न पुन्हा आला. तळव्याला खाज नव्हती.

"प्रेमाचो," ती म्हणाली, आणि वळली.

आनंदीबाईंनी चष्मा काढून हातात धरला होता. त्या रागावल्या आहेत की नाहीत हे कळत नव्हतं. "मग मी विचारलं तेव्हा का नाही सांगितलंस?"

"तेव्हा हात मागे होते, बाई. माझी चूक झाली. घरात जाऊन आयांशी जेसिंता बोलली. मी बाहेर भाषण केलं."

"नियमात एकच नाव आहे," आनंदीबाई म्हणाल्या. मग त्यांनी फळीकडे पाहिलं, तिसऱ्या बाकाच्या टोकाकडे पाहिलं. तिथं जेसिंता दोन्ही हातांनी तोंड झाकून बसली होती आणि लक्ष्मी तिला कोपरानं ढोसत होती.

"बाईनूं," दारातून महादू म्हणाला, "रंग उरलो हा. वळीत जागा पण आसा. मी 'प्रेमलता' जरा आखूडच काढलंय."

हॉल हसला. आनंदीबाईही हसल्या, उशिरानं, नाइलाजानं हसतात तसं. "पुढच्या सभेत मला उत्तर द्यावं लागेल," त्या म्हणाल्या. "देईन. लिहा."

महादूनं स्टूल ओढलं. जेसिंताला लक्ष्मीनं जवळजवळ ढकलतच पुढे आणलं. "तू येडी आसस गो," ती प्रेमलताला म्हणाली, इतक्या हळू की फक्त तिलाच ऐकू जावं. "पाठ फिरवलंस तेव्हा माका वाटला, रडतंस." "रडत होतंयच," प्रेमलता म्हणाली. दोघींनी मिळून शाल पांघरावी असं कोणीतरी सुचवलं, पण ती तेवढी मोठी नव्हती. नारळ तिथंच फोडला. एकेकीला नखाएवढा तुकडा आला.

सगळे पांगल्यावर नाना पायरीवर बसले आणि त्यांनी फडकं सोडलं. डब्यात तांदळाच्या भाकऱ्या होत्या आणि खाली, त्रिफळाच्या वासाचं, लाल, दाट तिखलं. "आवशीन धाडल्यान," ते जेसिंताला म्हणाले. "हिका चलना नाय. तू खा, पोरी." जेसिंतानं सवयीनं हात पुढे केला. मग तिनं प्रेमलताकडे पाहिलं, आणि हात मागे घेतला.

आतून कुंचला डब्यावर आपटल्याचा आवाज आला. महादू 'सिं'वर पोचला होता. प्रेमलतातल्या त्या नऊ वर्षांच्या पोरीनं भाकरीचा तुकडा मोडला, बांगड्याचा काटा अंगठ्यानं बाजूला केला आणि घास तोंडात घातला.